सिंबलला चावी नसते: पहिल्या ड्रम सेटच्या खरेदीचं एक प्रकरण

शिकणारी मुलगी बावीस वर्षांची, उंची १५७ सेंटिमीटर, उजव्या हाताची. आठ महिने प्रॅक्टिस पॅडवर हात बसवलेला. सिंगल, डबल आणि पॅराडिडल (दोन हातांच्या फटक्यांचे ठरावीक क्रम) मेट्रोनोमच्या मिनिटाला ९० ठोक्यांवर स्वच्छ निघतात. आठवड्यातून एकदा शिक्षकांच्या सेटवर बसायला मिळतं, तिथे साधा रॉकचा ठेका आणि दोन-तीन फिल (ठेक्यामधले भरीचे छोटे तुकडे) येतात. घरची खोली दहा बाय अकरा फुटांची. संध्याकाळी एक तास मोकळेपणाने वाजवता येतं, त्यापुढे नाही. गिटार, बेस आणि गायक यांच्याबरोबर गट जमतो आहे. त्यांच्या सरावाच्या जागी ड्रम आणि स्टँड आहेत, पण सिंबल (धातूच्या थाळ्या), स्नेअर (खाली तारा ताणलेला ड्रम) आणि पेडल ज्याने त्याने आपलं आणायचं, अशी बहुतेक सराव-खोल्यांची रीत तिथेही आहे.

पैसे ठरलेले होते आणि वर्षभर त्यात भर पडणार नव्हती. रक्कम कोणाची किती हे महत्त्वाचं नसल्याने इथे एकूण पैशाचे शंभर वाटे धरले आहेत.

तिने आणलेला प्रश्न असा होता: मेपल घ्यावं की बर्च? पहिल्या खरेदीत हा प्रश्न जवळजवळ शेवटी येतो. लाकडाने फरक पडतो हे खरं. मेपलचा नाद खालच्या पट्टीत भरदार आणि गोल वाटतो, बर्चमध्ये ठोक्याची धार पुढे येते. पण जुनं, ताणून मेलेलं हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) आणि वाकडी ट्यूनिंग असेल तर हा फरक कानाला सापडतच नाही. स्वस्त सेट बहुधा पॉप्लरचे असतात, आणि पॉप्लरच्या सहा थरांच्या साध्या टॉमला (बेस ड्रमवर किंवा पायांवर बसणारा ड्रम) चांगलं हेड चढवून नीट ट्यून केलं तर तो निर्धास्त गातो. तिने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा: या सामानातलं काय नंतर सुधारता येतं, आणि काय घेतलं तसंच राहतं?

ड्रमचं हेड बदलता येतं, स्वर चावीने वरखाली करता येतो, घुमणं टॉवेलने दाबता येतं. सिंबलला चावी नसते. कारखान्यातून तो जसा निघाला तसाच तो वर्षानुवर्षं वाजणार. या एका गोष्टीवरून पुढचा सगळा हिशेब ठरला.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे एकाच खोक्यात सगळं मिळणारा नवा सेट: २२ इंची बेस ड्रम, १२ आणि १३ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम, स्नेअर, स्टँड, पेडल, स्टूल, हाय-हॅट (पायाने मिटणारी दोन सिंबलांची जोडी) आणि एक सिंबल. तिचं मन इथेच होतं. या सेटमधले ड्रम वाईट नसतात, काटकसर बाकीच्या सामानात झालेली असते. स्टँडचे पाय एकपदरी पट्टीचे, स्टूलची गादी पातळ आणि दांडा डुगडुगणारा, हेड पातळ आणि हलक्या प्रतीची, आणि सिंबल पितळेचे. शिवाय तो एकुलता एक सिंबल क्रॅशचंही (जोराचा एकच फटका) काम करणार आणि राइडचंही (सलग ठेका), म्हणजे दोन्ही अर्धवट.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनिक सेटची. मोकळ्या आवाजाचा तो एक तास मिळत नसता तर आम्ही हीच सुचवली असती आणि पुढचं काही लिहिलं नसतं. जाळीची हेड कानाला फार त्रास देत नाहीत, हेडफोन लावून रात्रीही बसता येतं. मात्र दोन गोष्टी लोक घरी आणल्यावर शिकतात. बेस पेडलचा धक्का जमिनीतून खालच्या मजल्यावर जातो, हेडफोनमुळे तो कमी होत नाही. आणि जाळीवर काडी खऱ्या स्नेअरपेक्षा जास्त उसळते, त्यामुळे डबल स्ट्रोक तिथे आपोआप आल्यासारखे वाटतात आणि खऱ्या ड्रमवर बसलं की अडखळतात. स्वस्त सेटमधली हाय-हॅट म्हणजे एक पॅड आणि पायाखाली एक स्वीच, त्यावर अर्धवट उघड्या हाय-हॅटचे बारकावे शिकता येत नाहीत. या मुलीला गटात खऱ्या सेटवरच वाजवायचं होतं, म्हणून ही वाट सोडली.

तिसरी वाट म्हणजे वापरलेले पण बऱ्या प्रतीचे ड्रम आणि सिंबल वेगळे निवडून. हिला वेळ लागतो, तपासावं लागतं, आणि काय तपासायचं हे ठाऊक असावं लागतं. ठरली हीच.

उंचीचा प्रश्न

२२ इंची बेस ड्रम सोडण्याचं कारण आवाज नव्हतं, बसणं होतं. शिक्षकांच्या मोठ्या सेटवर ती पहिला टॉम वाजवताना खांदा उचलते, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. बेस ड्रमच्या डोक्यावर टॉम बसतो, त्यामुळे व्यास वाढला की टॉम वर जातो. २२ ऐवजी २० इंची घेतला तर ५ सेंटिमीटर वाचतात. १२ बाय ९ इंची (व्यास बाय उंची) टॉमच्या जागी १० बाय ७ इंची टॉम आला की आणखी ५. असे दहा सेंटिमीटर खाली आल्यावर टॉम जवळजवळ सपाट ठेवता येतो.

सपाट असण्याला महत्त्व आहे. टॉम उंच असला की तो आपल्याकडे फार तिरका करावा लागतो, मग काडीचं टोक हेडमध्ये सरळ घुसतं आणि दोन महिन्यांत हेडवर खड्डे पडतात. लोक हेडला दोष देतात, दोष कोनाचा असतो.

म्हणून मापं ठरली ती अशी: बेस २०, टॉम १० आणि १२, फ्लोअर टॉम १४, स्नेअर १४ बाय ५.५ इंच. या मापांना दुकानात फ्यूजन म्हणतात. नावावरून ती जॅझवाल्यांसाठी आहेत असं वाटतं, पण २० इंची बेस ड्रमवर रॉक उत्तम वाजतो. फक्त २२ इंचीचा खालचा दणका थोडा कमी मिळतो, आणि दहा बाय अकराच्या खोलीत तो कमीच बरा.

वापरलेले ड्रम कसे तपासले

मिळालेला सेट बर्चचा, सहा थरांचा. यामाहाचा स्टेज कस्टम बर्च ज्या वर्गात मोडतो, त्याच वर्गातला. विकणाऱ्याने वाजवून दाखवला तेव्हा तो खराबच वाजला, आणि त्याने कोणी घाबरायचं कारण नव्हतं, कारण हेड वर्षानुवर्षं न बदललेली होती. तपासायची ती शेल, म्हणजे ड्रमची लाकडी नळकांडी.

प्रत्येक ड्रमचं वरचं हेड काढायला सांगावं. विकणारा याला तयार नसेल तर तिथेच थांबावं. पहिल्यांदा आतून लाकूड पाहावं: थर सुटलेत का, ओल लागून फुगवटा आलाय का, टॉमचा दांडा जिथे बसतो तिथे चीर गेलीय का. मग टेपने चार दिशांनी व्यास मोजावा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असली तर शेल गोल राहिलेलं नाही, आणि अशा शेलवर हेड कधीच सगळीकडे सारखं ताणलं जात नाही. नंतर कडा. हेड ज्या धारेवर टेकतं तिला बेअरिंग एज म्हणतात, बहुधा ४५ अंशांत कापलेली असते. शेल सपाट दगडी ओट्यावर किंवा जाड काचेवर उपडं ठेवायचं, दिवा मालवायचा, आत टॉर्च लावायचा आणि कडेखालून उजेड कुठे फुटतो ते बाहेरून बघायचं. त्यानंतर बोट कडेवरून पूर्ण फिरवायचं. डोळ्याला न दिसलेली खाच बोटाला लागते.

इथे फ्लोअर टॉमच्या खालच्या कडेला नखाएवढी खाच निघाली, उजेड मात्र कुठेच फुटला नाही. तेवढी खाच चालते. स्नेअरच्या एका लगमधला (हेड आवळणारा रॉड ज्यात बसतो तो भाग) आटा गेलेला होता, रॉड फिरत राहायचा पण आवळत नव्हता. लगमधला नटाचा तुकडा बहुतेक ठिकाणी वेगळा मिळतो आणि बदलतो, म्हणून तोही अडथळा ठरला नाही, भाव मात्र उतरला. स्नेअरखालच्या तारांपैकी तीन वाकलेल्या, बेस ड्रमच्या एका पायाचं रबर गायब. हूपवरचा (हेड दाबणाऱ्या कड्यावरचा) गंज, शेलवरच्या ओरखड्यांची रांग, मळलेले फेल्ट यांकडे लक्षच द्यायचं नाही. याउलट वाकडं शेल, तुटलेली कड किंवा सुटलेले थर यांपैकी एक जरी असतं, तर कितीही स्वस्त मिळालं तरी उठून यायला हवं होतं.

सोबत दोन सिंबल स्टँड, एक हाय-हॅट स्टँड आणि स्नेअर स्टँड आले, सगळे दुहेरी पट्टीच्या पायांचे. स्टँडची परीक्षा सोपी: जोड आवळून वरून हाताने दाबायचं, घसरला तर आटा किंवा प्लॅस्टिकची बुशिंग गेली. हाय-हॅटचा क्लच मात्र स्वतंत्र तपासायला हवा, कारण खालचा नट मोकळा सुटणारा क्लच ऐन गाण्यात वरची प्लेट खाली टाकतो.

पेडल सोबत आलं नव्हतं, ते नवंच घेतलं: एका साखळीचं, खाली लोखंडी पट्टी असलेलं. पट्टीमुळे पेडल वळत नाही. स्टूल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि पाठ तिथेच जाते. तिच्यासाठी स्क्रूच्या दांड्याचा, जाड गोल गादीचा स्टूल निवडला, कारण साध्या पिनने अडकवलेला दांडा हळूहळू हलायला लागतो. बसण्याची उंची अशी की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील.

सिंबल

सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता.

धातूवरून सुरुवात करू. खोक्यातल्या सेटचे सिंबल पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेचा सिंबल वाजवला की एकच स्वर ठळक उभा राहतो, ताटासारखा, आणि बाकीचा पसारा उमलत नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. त्यात दोन मुख्य जाती: ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील असलेलं बी८, आणि ८० टक्के तांबं व २० टक्के कथील असलेलं बी२०. बी८ बहुधा लाटलेल्या पत्र्यातून गोल कापतात. बी२० मध्ये कथील इतकं जास्त असतं की धातू ठिसूळ होतो, म्हणून तो ओतून, भट्टीत पुन्हा पुन्हा तापवून लाटावा लागतो, मग मधला घुमट दाबून काढायचा, हातोडीने आकार द्यायचा आणि लेथवर सोलायचा. हे सगळं श्रमाचं काम, म्हणून किंमत चढते. झिल्जन घराण्याचं नाव याच मिश्रधातूशी जोडलेलं आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये १६२३ साली सुरू झालेली ती पेढी १९२९ मध्ये अमेरिकेत गेली.

यावरून बी२० म्हणजे उत्तम आणि बी८ म्हणजे कनिष्ठ असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. स्वित्झर्लंडच्या पाइस्टेची २००२ ही मालिका बी८ ची, १९७१ पासून चालत आलेली, आणि मोठमोठ्या रॉक ड्रमवादकांनी ती आयुष्यभर वाजवली. धातूवर पुढे किती आणि कसं काम झालं, जाडी किती ठेवली, यावर नाद ठरतो. बी८ मध्ये वरचे स्वर लखलखीत येतात, बी२० मध्ये पसरट आणि मिसळलेले. कान कुठे रमतो ते पाहायचं. पितळेपासून मात्र दूर राहावं, एवढं आम्ही निःशंकपणे सांगतो.

पैसे कमी असतील तर क्रम हा: आधी हाय-हॅट, मग राइड, सगळ्यात शेवटी क्रॅश. नवशिका उलट करतो, कारण क्रॅशचा आवाज मोह घालतो. पण मोजून पाहावं: साध्या ठेक्यात एका मापात हाय-हॅट आठ वेळा वाजते, क्रॅश चार मापांतून एकदा, तोही आला तर.

ऐकण्याची पद्धत ठरवूनच ती दुकानात गेली. काड्या स्वतःच्या, रोज वापरायची ५ए मापाची, कारण दुकानातल्या जाड काडीने सगळेच सिंबल भरदार वाटतात. हाय-हॅट चार प्रकारे ऐकायची: बंद ठेवून काडीच्या टोकाने, बंद ठेवून काडीच्या खांद्याने कडेवर, अर्धवट उघडी, आणि नुसत्या पायाने. शेवटचा प्रकार लोक विसरतात. पायाने मिटली की स्वच्छ, ओलसर नसलेली चिक ऐकू यायला हवी. राइडवर आठ-आठ ठोके सलग दोन मिनिटं वाजवायचे, कारण वीस सेकंदांत सगळेच राइड चांगले वाटतात. दोन मिनिटांत मागचा गुंजारव चढत जातो आणि काडीचा ठोका त्यात बुडतो की वर राहतो ते कळतं. नंतर घुमटावर, नंतर कडेवर क्रॅशसारखा एक फटका. क्रॅशवर एकच ओझरता फटका मारायचा आणि दोन गोष्टी बघायच्या: किती चटकन उमलतो आणि किती लवकर विरतो. शेवटी दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगून तीन-चार मीटरवर उभं राहायचं. वाजवणाऱ्याच्या कानाला कर्कश वाटणारा सिंबल लांबून नेमका वाटतो, आणि जवळ गोड वाटणारा गटात नाहीसा होतो.

वापरलेल्या सिंबलची तपासणी दोन जागी असते. कड बोटाने पूर्ण फिरवायची, कारण केसाएवढी चीर दिसत नाही, नखाला अडकते. आणि मधलं भोक पाहायचं: ते गोल न राहता किल्लीच्या भोकासारखं लांबट झालं असेल, तर सिंबल प्लॅस्टिकच्या नळीशिवाय नुसत्या लोखंडी दांड्यावर वाजला आहे. तिथून पुढे चीर घुमटाकडे निघते. काळा पडलेला रंग, बोटांचे डाग, पुसलेलं छापील नाव यांनी नादाला काही होत नाही, आणि घासून चकचकीत करायच्या फंदात पडू नये.

निवडलं ते असं: १४ इंची हाय-हॅट, बी२०, वापरलेली, २० इंची राइड, बी२०, वापरलेला, मध्यमपेक्षा पातळ, वजन काट्यावर २,१५० ग्रॅम, आणि १६ इंची क्रॅश, बी८, नवा. राइडबाबत तिचा ओढा एका जाड, जड राइडकडे होता, ज्याचा ठोका दुकानात फार स्पष्ट ऐकू येत होता. शिक्षकांनी अडवलं. जाड राइडची कड क्रॅशसारखी उमलत नाही, तो फक्त राइडच राहतो, आणि लहान खोलीत त्याचा घुमट टोचतो. एकूण तीनच सिंबल असताना त्यातल्या एकाला दोन कामं यायला हवीत. ही निवड पुढे कामाला आली.

क्रॅश मात्र तिने आपल्या मनाने घेतला, जाडसर, आणि तिथे चूक झाली. त्याकडे येऊच.

शंभर वाट्यांचं काय झालं

ड्रम आणि स्टँड मिळून ३५. सिंबल ३८, त्यात हाय-हॅट १५, राइड १५, क्रॅश ८. स्टूल ७, पेडल ६, नवी हेड ८. गालिचा, फेल्ट, नळ्या, ड्रमची चावी, लगचा नट, स्नेअरच्या नव्या तारा आणि कानातले प्लग मिळून ४. हातात २ उरले.

ज्यांना सिंबलवर ड्रमपेक्षा जास्त खर्च खटकतो त्यांनी एवढं पाहावं की सराव-खोलीत ती स्नेअर सोडून ड्रम नेतच नाही, सिंबल नेते.

हेड आणि ट्यूनिंग

टॉमवर दुपदरी पारदर्शक हेड, खाली एकपदरी. स्नेअरवर वरच्या बाजूला एकपदरी खरबरीत पांढरं, खाली ३ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अगदी पातळ, जे फक्त स्नेअरच्या खालच्या बाजूसाठीच असतं. चुकून साधं हेड खाली लावलं तर तारा नीट बोलत नाहीत. बेसवर कडेला दाबपट्टी असलेलं हेड, आत घडी घातलेला एक छोटा टॉवेल, दोन्ही हेडना जेमतेम टेकेल असा. उशी कोंबली की बेस ड्रमचा खोका होतो.

ट्यूनिंगचा क्रम तिने पहिल्यांदा चुकवला. एका रॉडपासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने एकेक पूर्ण आवळत गेली. हेड एका बाजूला ओढलं गेलं, टॉम दोन स्वरांत ओरडू लागला. बरोबर क्रम असा. कड कोरड्या फडक्याने पुसून हेड बसवायचं, सगळे रॉड बोटांनी जातील तेवढे फिरवायचे. मग चावीने समोरासमोरच्या जोडीत अर्धा-अर्धा फेरा, सुरकुत्या जाईपर्यंत. तळहाताने मध्यभागी हलकं दाबायचं म्हणजे हेड कडेवर बसतं, आणि नवीन हेडचा गोंद कडकड करतो तो करू द्यायचा. नंतर पाव-पाव फेरा. प्रत्येक रॉडपासून दोन-तीन सेंटिमीटर आत काडीने टिचकी मारून स्वर ऐकायचा, मध्यावर बोट हलकं टेकवून. जो खाली असेल तो वर आणायचा. आणि वर गेलेला उतरवायचा असेल तर आधी लागतो त्याहून खाली सोडून पुन्हा चढवत आणायचा, नाहीतर थोड्या वेळाने तो आपणच उतरतो. टॉमचं खालचं हेड वरच्यापेक्षा किंचित चढं ठेवलं की नाद लवकर आटोपतो. बेसला सुरकुती गेल्यावर पाव फेरा पुरे.

दहा इंची टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा झणझणत होत्या. दोघांचे स्वर जुळले की हे होतं. टॉम अर्धा स्वर वर नेल्यावर झणझण निम्म्याने उतरली. उरलेली स्नेअरखालच्या तारांलगतचे चार रॉड जरा सैल केल्यावर गेली. पूर्ण कधीच जात नाही, आणि गटात वाजवताना ती कोणाला ऐकूही येत नाही.

पुढे काय बिघडलं

पहिल्या आठवड्यात बेस ड्रम पुढे सरकत राहिला. गालिच्याखाली गुळगुळीत फरशी होती आणि गालिचा एवढा लहान की स्टूल त्याच्या बाहेर. स्टूल गालिच्यावर असला की वजनाने तो धरून राहतो. साधारण दोन बाय दीड मीटरचा गालिचा आणि बेस ड्रमच्या पायांचं रबर मागे सारून आतली लोखंडी टोकं उघडी करणं, एवढ्याने तो जागचा हलला नाही.

दुसऱ्या महिन्यात हाय-हॅटची पायाची चिक मधूनच गायब व्हायची, जणू दोन प्लेट एकमेकींना चिकटल्या. दोघींच्या कडा अगदी सारख्या टेकल्या की मधली हवा कोंडते. खालच्या प्लेटच्या बैठकीला एक लहान स्क्रू असतो, तो फिरवला की प्लेट किंचित कलते आणि हवेला वाट मिळते. स्क्रू दोन फेरे, दोन प्लेटमधलं अंतर अडीच सेंटिमीटर, काम झालं. कित्येक जण हा स्क्रू कशाला आहे हे न समजता हाय-हॅट बदलतात.

चौथ्या महिन्यात क्रॅशला कडेपासून आत अडीच सेंटिमीटरची चीर गेली. तीन कारणं एकत्र आली होती. सिंबल जाडसर, म्हणून उमलायला जोराचा फटका लागायचा. स्टँड उंच आणि सिंबल जमिनीला समांतर, त्यामुळे काडी ओझरती न लागता कडेवर सरळ आदळायची. आणि विंगनट गच्च आवळलेला. सिंबल हलू दिला नाही की फटक्याची सगळी ताकद एकाच जागी धातू सोसतो. नट एवढाच ठेवायचा की बोटाने ढकलल्यावर सिंबल मोकळा डुलेल, आणि सिंबल आपल्याकडे पंधरा-वीस अंश कलता. जाड म्हणजे टिकाऊ हा समज क्रॅशच्या बाबतीत फसवा आहे. पातळ क्रॅश लवचिक असतो, हलका फटका त्याला पुरतो, म्हणून नीट वाजवणाऱ्याकडे तो जास्त टिकतो.

चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवता येते, पण नाद पूर्वीचा राहत नाही, आणि कितीदा तरी चीर भोक ओलांडून पुढे जाते. पैसे उरले नव्हते. पुढचे आठ महिने तिने राइडच क्रॅश म्हणून वाजवला, आणि तो पातळ असल्याने चालला. जड राइड घेतला असता तर गटाला क्रॅशच उरला नसता.

कानांबद्दल सांगायलाच हवं. अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. दहा बाय अकराच्या खोलीत स्नेअर आणि क्रॅश एवढा आवाज सहज करतात, म्हणजे तिचा एक तास प्लगशिवाय रोजच धोक्याचा होता. पहिल्या दिवसापासून प्लग लावले ते पुढे कधी काढले नाहीत.

वर्ष संपताना

दहा इंची टॉम तिने सहाव्या महिन्यात काढून ठेवला. त्याच्या जागी बारा इंची आणला, तो आता बेस ड्रमच्या डाव्या बाजूला बसतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत राइड खाली आणि जवळ आला. त्यामुळे राइड वाजवताना उजवं कोपर अंगापासून लांब जायचं ते थांबलं. चार ड्रमचा सेट लावायला पाच मिनिटं लागतात, खोलीत दार उघडतं, आणि फिल मोजके होऊन सुधारले. दहा इंची टॉम विकलेला नाही, कपाटावर आहे.

नवे पैसे हाती आल्यावर पहिली खरेदी १७ इंची पातळ क्रॅशची झाली, याच पद्धतीने ऐकून आणि या वेळी काट्यावर वजन करून. १६ की १८ यावर दोन आठवडे गेले होते: १८ इंची तिच्या खोलीत विरायला फार वेळ घेत होता, आणि १६ इंचीचा स्वर गिटारच्या वरच्या तारांशी भांडत होता. यादीतलं पुढचं नाव आहे स्नेअरच्या तारांचं, कारण पहिल्या वर्षातल्या दोन तारा आता लोंबू लागल्या आहेत.